सरकारी रोखे सुरक्षित, पण मुदतीआधी विकायचे झाले तर?

बेळगावात राहून महाराष्ट्र सरकारचा रोखा घेता येतो आणि मडगावात बसून कर्नाटकचा. रिझर्व्ह बँकेची ‘रिटेल डायरेक्ट’ सोय १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली. खातं विनाशुल्क उघडतं आणि किमान १० हजार रुपयांपासून खरेदी करता येते. पैसे बुडण्याची भीती जवळपास नाही, म्हणून निवृत्त मंडळी इकडे वळतात. मात्र ‘बुडत नाही’ आणि ‘हवे तेव्हा मिळतात’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रोख्यांची मोठी उलाढाल शेअर बाजारात होत नाही. ती ऑगस्ट २००५ पासून ‘एनडीएस-ओएम’ या संगणकीय मंचावर होते. समोर कोण आहे ते दिसत नाही, भाव जुळला की सौदा होतो. पैसे आणि रोख्यांची देवघेव साधारणपणे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्फत पुरी होते, त्यामुळे समोरचा पैसे देईल की नाही ही काळजी उरत नाही.

खरी अडचण गिऱ्हाइकाची. केंद्राचे अनेक रोखे चलनात असले तरी व्यवहार मोजक्याच रोख्यांत एकवटतात, त्यातही दहा वर्षांचा ‘बेंचमार्क’ रोखा आघाडीवर. सरकार तोच रोखा लिलावात पुन्हा पुन्हा विकतं, त्याची रक्कम लाख कोटींच्या घरात जाते आणि घेणारे-विकणारे दोघेही तिथेच जमतात. नवा बेंचमार्क आला की जुन्याकडची वर्दळ ओसरते. बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी यांच्याकडे गेलेले बरेचसे रोखे मुदत संपेपर्यंत बाहेरच येत नाहीत.

राज्यांच्या रोख्यांत हे जास्त जाणवतं. गोव्यासारखं छोटं राज्य एका वेळी उचलतं ते कर्ज काहीशे कोटींचं. एवढ्याशा रोख्याला रोज गिऱ्हाईक कुठून येणार? राज्याचा रोखा केंद्राच्या रोख्यापेक्षा थोडा जास्त परतावा देतो, त्यामागे हेही एक कारण आहे. त्यातून मंचावरचा नेहमीचा सौदा ५ कोटींचा. लाख-दोन लाखवाल्यांसाठी ‘ऑड लॉट’ विभाग आहे, पण तिथे वर्दळ कमी आणि खरेदी-विक्रीच्या भावात फरक जास्त.

भावाचंही गणित आहे. ७ टक्के व्याजाचा, दहा वर्षं शिल्लक असलेला १०० रुपयांचा रोखा घ्या. बाजारातला परतावा ८ टक्क्यांवर गेला तर त्याचा भाव सुमारे ९३ रुपये २० पैशांवर येतो. मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला पूर्ण १०० मिळतात. लेकीच्या लग्नासाठी मध्येच विकणाऱ्याला जवळपास ७ रुपयांचा फटका, वर गिऱ्हाईक घासाघीस करणार ते वेगळंच. परतावा खाली गेला तर उलट फायदा होतो, हेही खरं.

म्हणून रोखा निवडताना व्याजाच्या टक्क्याआधी मुदतपूर्तीची तारीख पाहावी. तीन वर्षांनी पैसे लागणार असतील तर तीन वर्षांचाच रोखा बरा. वर्षाच्या आत लागणाऱ्या पैशांसाठी ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांचे लिलाव साधारणतः दर बुधवारी होतात. राज्यांच्या रोख्यांचे मंगळवारी, केंद्राच्या रोख्यांचे शुक्रवारी. अचानक गरज पडलीच तर विकण्याआधी रोखा तारण ठेवून कर्ज मिळतं का, हे बँकेत विचारून घ्यावं.