गल्लींतलें नाटक आणि टीकाकार

नाटक कितीहि उत्तम वठलें, तरी त्याची वार्ता वर्तमानपत्रांत आली नाहीं तर तें चार स्नेह्यांच्या स्मृतींतच विरून जातें. मोठ्या नाटकगृहांचे मालक टीकाकारांसाठीं खुर्च्या राखून ठेवतात. पण ज्याच्यापाशीं पैसा नाहीं आणि नांवहि नाहीं, त्यानें टीकाकाराला कसें बोलवावें? या प्रश्नाचें एक उत्तर १८८७ सालीं पॅरिसमध्यें एका कारकुनानें दिलें.

त्याचें नांव आंद्रे आंत्वान. तो दिवसा गॅस कंपनींत नोकरी करी आणि माँमार्त्र भागांतील एका गल्लींत, हौशी नाटक मंडळींत काम करी. तींच तीं जुनीं नाटकें करण्याचा त्याला वीट आला व नव्या लेखकांचीं, कोठेंहि न झालेलीं नाटकें करावीं असें त्यानें ठरविलें. मंडळीच्या चालकाला हें धाडस रुचलें नाहीं. त्यानें भाडें घेऊन जागा दिली, पण मंडळीचें नांव वापरूं दिलें नाहीं. तेव्हां आंत्वाननें आपल्या उपक्रमास ‘तेआत्र लिब्र’, म्हणजे ‘मुक्त रंगभूमि’, असें नांव दिलें. आईच्या घरचें सामान हातगाडीवर घालून त्यानें रंगमंचावर आणलें.

३० मार्च १८८७ रोजीं एकाच रात्रीं चार छोटीं नाटकें झालीं. त्यांपैकीं एक एमिल झोला यांच्या कथेवरून रचलेलें होतें. झोलांचें नांव त्या काळीं सर्वतोमुखीं होतें. म्हणून, एरवीं ज्या गल्लीकडे टीकाकार फिरकलेहि नसते, तेथें त्यांच्यापैकीं थोडे जण आले. तीन नाटकांनीं विशेष छाप पाडली नाहीं. परंतु झोलांच्या कथेवरील नाटकानें प्रेक्षकांस हालवून सोडलें. वर्तमानपत्रांतून उल्लेख झाला आणि ३० मे रोजीं झालेल्या दुसऱ्या प्रयोगास टीकाकारांची संख्या वाढली.

आतां आंत्वाननें नोकरी सोडली. पुढील हंगामासाठीं वर्गणीदार मिळवावे म्हणून सुमारें १,३०० पत्रें त्यानें स्वहस्तें लिहिलीं आणि टपालखर्च वाचविण्यासाठीं पायपीट करून तीं घरोघर पोंचविलीं. प्रयोग केवळ वर्गणीदार व निमंत्रित यांच्यापुढें होत. त्यामुळें सरकारी तपासणीचा जाच त्यांस नसे. शिवाय प्रत्येक नाटकाचे प्रयोग अगदीं थोडे होत; आज चुकलें तें कायमचें चुकलें. या दुर्मिळपणामुळेंच टीकाकार ओढले गेले. ‘ल ताँ’ पत्राचे वजनदार टीकाकार फ्रांसिस्क सार्से यांना ही नवी नाट्यरीति मानवत नसे. तरी तेहि येत व लिहीत.

याच नमुन्यावर लंडनमध्यें जे. टी. ग्राइन यांनीं ‘इंडिपेंडंट थिएटर’ स्थापिलें व १३ मार्च १८९१ रोजीं इब्सेनचें ‘घोस्ट्स’ खाजगी रीतीनें केलें. वर्तमानपत्रांनीं त्यावर शिव्यांची लाखोली वाहिली. विल्यम आर्चर यांनीं त्या शिव्या वेंचून एकत्र छापल्या व टीकाकारांचें उथळपण उघडें केलें. संस्था मात्र बुडाली नाहीं. पुढच्याच वर्षीं तिनें बर्नार्ड शॉ यांचें पहिलें नाटक रंगभूमीवर आणलें. निंदेपेक्षां मौन अधिक घातक असतें, हें यावरून दिसून येईल.

परंतु कीर्ति म्हणजे उत्पन्न नव्हे. मोठ्या नाटकगृहाविषयीं अनुकूल परीक्षण आलें कीं दुसरे दिवशीं तिकिटें खपतात. आंत्वानच्या येथें परीक्षण छापून येई तोंवर बहुधा नाटक संपलेलें असे. ज्या दुर्मिळपणानें टीकाकार आणले, त्यानेंच गल्ला रिकामा ठेवला. त्यानें पुढें आणलेल्या लेखक-नटांना मोठीं नाटकगृहें उचलून नेऊं लागलीं. कर्ज वाढत गेलें आणि १८९४ सालीं त्याला संस्थेचा कारभार सोडावा लागला.

असो. १९०६ सालीं ‘ओदेऑं’ या सरकारी नाटकगृहाचें संचालकपद याच कारकुनाकडे आलें, आणि माँमार्त्रमधील त्या गल्लीला आज आंत्वानचेंच नांव आहे. टीकाकारानें एका रात्रीं वाट वांकडी केली, तर केवढें कार्य उजेडांत येऊं शकतें, याची ती गल्ली साक्ष आहे.