आडोशाचे मनोरे का पडले?

जोराचा वारा सुटला की आपण भिंतीच्या आडोशाला जातो. मागे उभे राहणाऱ्याला वारा कमी लागतो, हा आपला रोजचा अनुभव. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या फेरीब्रिज वीजकेंद्रात मात्र उलटेच घडले.

तिथे पाणी थंड करण्यासाठी काँक्रीटचे आठ मनोरे चार-चारच्या दोन रांगांत जवळजवळ उभारले होते. उंची सुमारे ११४ मीटर, पण कवच बहुतेक ठिकाणी जेमतेम १३ सेंटिमीटर जाड. १ नोव्हेंबर १९६५ रोजी वादळी वाऱ्यात त्यांपैकी तीन मनोरे तासाभरात कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पडलेले तिन्ही मनोरे मागच्या, म्हणजे आडोशाच्या रांगेतले होते!

असे का झाले? पुढच्या मनोऱ्यांमधल्या फटींतून वारा वेगाने घुसतो आणि त्यांच्यामागे भोवरे उठतात. त्यामुळे मागच्या मनोऱ्यांना संथ वारा न लागता उलटसुलट धक्के बसतात. आराखडा करताना मात्र वातबोगद्यात एकट्या मनोऱ्यावर घेतलेली मापे वापरली होती. शिवाय वाऱ्याचा वेग मिनिटभराच्या सरासरीने धरला होता. क्षणभराचा झोत सरासरीपेक्षा बराच जोरदार असतो.

आणखी एक बाब होती. वाऱ्याकडच्या बाजूला वारा कवचाला वर खेचतो, तर मनोऱ्याचे वजन खाली दाबते. या दोहोंतला फरक आतल्या लोखंडी सळ्यांना पेलावा लागतो. समजा, वाऱ्याची ओढ १०० आणि वजनाचा दाब ८० आहे. सळ्यांवर येतात २०. आता वाऱ्याचा वेग फक्त १० टक्क्यांनी वाढला. वाऱ्याचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ओढ १२१ होते. वजन तेवढेच राहते. सळ्यांवर येतात ४१, म्हणजे दुपटीहून जास्त!

पडलेले मनोरे अधिक मजबूत करून पुन्हा बांधले गेले, उरलेल्यांनाही बळकटी दिली. हे वीजकेंद्र २०१६ साली बंद झाले आणि शेवटचे मनोरे २०२२ साली पाडले गेले. पण फेरीब्रिजचा धडा कायम आहे: अशा रचनेची चाचणी तिच्या शेजाऱ्यांसह घ्यावी लागते.

वेग २० टक्क्यांनी वाढला तर सळ्यांवर किती ताण येईल, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. मग विचारावे: सुरक्षिततेसाठी ठेवायची जादा तरतूद वजाबाकीच्या आधी करायची, की नंतर?