होमरचे देव आणि वीर : प्राचीन ग्रीक वाचकांच्या प्रतिक्रियांचा इतिहास

प्रस्तावना :

'इलियड' प्रथमच वाचणाऱ्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न बहुधा देवांविषयीचा असतो. हेरा आपल्या पतीला मोहात पाडून फसवते, देव एकमेकांवर धावून जातात आणि त्यांच्या कलहाची किंमत मर्त्य माणसांना प्राण देऊन चुकवावी लागते. अशा देवांना पूज्य कसे मानावे? वीरांचीही हीच गत आहे. महाकाव्याचा नायक अकिलीस मृत हेक्टरचे शव रथाला बांधून फरफटत नेतो. या वर्तनाने अस्वस्थ होणे हे परक्या संस्कृतीतील आधुनिक वाचकाचे लक्षण आहे, असा एक समज आढळतो. वस्तुतः ही अस्वस्थता प्रथम ग्रीकांनीच व्यक्त केली. तिला त्यांनी दिलेल्या उत्तरांतून वाचनाच्या निरनिराळ्या पद्धती कशा घडल्या, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

आक्षेप आणि रूपकार्थ :

इ. स. पू. सहाव्या शतकात कोलोफोनच्या झेनोफेनिसने होमर व हेसिअड यांच्यावर उघड टीका केली. माणसांत निंद्य ठरणारी चोरी, व्यभिचार व फसवणूक ही कृत्ये या कवींनी देवांच्या माथी मारली, असे त्याचे म्हणणे होते. माणूस आपल्याच रूपात देव कल्पितो, हेही त्याने सांगितले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण इटलीतील रेगिअमच्या थिआजेनिसने दुसरा मार्ग दाखविला, असे प्राचीन परंपरा मानते. या मार्गाने पाहता 'इलियड'मधील देवांचे युद्ध हे निसर्गतत्त्वांचे द्वंद्व ठरते. अपोलो व हेफेस्टस म्हणजे अग्नी, तर पोसायडन म्हणजे जल. अर्थ बदलताच आक्षेप निष्प्रभ होतो.

हा बचाव प्लेटोला पुरेसा वाटला नाही. कथेत गूढार्थ असला तरी लहान मुलाला तो ओळखता येत नाही आणि कोवळ्या वयात मनावर उमटलेला ठसा सहजासहजी पुसला जात नाही, असा युक्तिवाद त्याने 'रिपब्लिक'मध्ये केला. वीरांचा अनावर शोक आणि अकिलीसचे सेनापतीला उद्देशून काढलेले उद्धट उद्गार यांनाही त्याने आदर्श शिक्षणातून वगळले. मात्र याच ग्रंथाच्या दहाव्या भागात होमरविषयी बालपणापासून आपल्या मनात प्रेम व आदर असल्याची कबुली तो देतो. त्याचा आक्षेप तुच्छतेतून आलेला नव्हता. काव्याचा प्रभाव किती खोल असतो हे त्याने स्वतः अनुभवले होते आणि म्हणूनच त्याला त्याची भीती वाटत होती.

ॲरिस्टॉटलची भूमिका अधिक संयत आहे. काव्याची यथार्थता आणि राज्यशास्त्राची यथार्थता एकच नव्हे, असे तो 'पोएटिक्स'मध्ये स्पष्ट करतो. एखादी कृती बरी की वाईट हे ठरविताना ती कोणी, कोणाविरुद्ध, केव्हा व कोणत्या हेतूने केली, याचा विचार करावा, असे तो सांगतो. हेक्टरच्या विटंबनेसंबंधी त्याने थेसलीतील एका प्रथेकडे लक्ष वेधले. तेथे खुन्याचे शव बळी पडलेल्याच्या थडग्याभोवती फरफटवीत. या स्पष्टीकरणाने कृत्य क्षम्य ठरत नाही. परंतु ते ऐतिहासिक संदर्भात समजून घेता येते.

अलेक्झांड्रियाची पाठचिकित्सा :

इ. स. पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात या प्रश्नाने वेगळे वळण घेतले. 'इलियड'च्या तिसऱ्या सर्गात ॲफ्रोडाइटी हेलनसाठी स्वतः आसन उचलून आणते. देवीने मर्त्य स्त्रीची अशी सेवा करणे अनुचित मानून झेनोडोटसने त्या ओळी प्रक्षिप्त ठरविल्या. नैतिक आक्षेप आता पाठनिर्णयाचा निकष बनला. पुढे ॲरिस्टार्कसने (इ. स. पू. दुसरे शतक) ही पद्धत काटेकोर केली. संशयास्पद ओळीच्या डावीकडे तो 'ओबेलॉस' नावाची आडवी रेघ काढी आणि संशयाची कारणे भाष्यात देई. ओळ मात्र पाठात कायम राही.

ही मर्यादा ओलांडली गेल्यास काय होते, याचे उदाहरण प्लुटार्कने नोंदविले आहे. नवव्या सर्गात वृद्ध फीनिक्स रुसलेल्या अकिलीसची समजूत घालताना आपल्या तारुण्यातील प्रसंग सांगतो. संतापाच्या भरात त्याने पित्याच्या वधाचा विचार केला होता. पण एका देवाने त्याचा क्रोध आवरला. या चार ओळी ॲरिस्टार्कसने भयापोटी काढून टाकल्या, असे प्लुटार्क म्हणतो. ते काम ॲरिस्टार्कसचेच होते काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि 'इलियड'च्या हस्तलिखितांत त्या ओळी आढळत नाहीत. प्लुटार्कने उद्धृत केल्यामुळेच त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या. प्लुटार्कच्या मते त्या प्रसंगोचित आहेत, कारण क्रोध माणसाला कोठवर नेतो हे फीनिक्सला शिष्याला दाखवावयाचे आहे. म्हणजे ज्या ओळी सर्वाधिक आक्षेपार्ह वाटल्या, त्यांतच उपदेशाचे मर्म होते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, होमरच्या देवांनी व वीरांनी निर्माण केलेली अस्वस्थता ही श्रद्धेची वा रसिकतेची उणीव नव्हती. तत्त्वचिंतन, रूपकार्थ, संदर्भशोध आणि पाठचिकित्सा यांना तिनेच चालना दिली. यांपैकी ओबेलॉसची पद्धत आजही मार्गदर्शक वाटते, कारण तिच्यात आक्षेप नोंदविला जातो आणि ओळही राखली जाते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही मूळ पाठातून वगळलेले श्लोक तळटीपांत व परिशिष्टांत जपले आहेत. तेथे निकष औचित्याचा नसून हस्तलिखितांच्या पुराव्याचा आहे, हा भेद महत्त्वाचा होय. आदरणीय ग्रंथ शिकविताना अप्रिय भाग गाळावा की त्याचे समर्थन करावे, असा पेच अध्यापकासमोर अनेकदा उभा राहतो. तो भाग विद्यार्थ्यांसमोर ठेवून आपला आक्षेपही स्पष्टपणे मांडणे, हा तिसरा मार्ग ग्रीक वाचकांनी फार पूर्वीच दाखवून दिला आहे.