पाषाणाच्या पोटांतील चुंबकत्व

पुसेगावच्या परिसरांत जमीन खणूं लागलें, कीं काळा पाषाण लागतो. हिंगोली जिल्ह्याचा बहुतेक भाग या पाषाणावरच वसलेला आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थर निवतांना त्यांतील लोहयुक्त कणांनीं तत्कालीन पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा आपल्या ठायीं धरून ठेवली. तें चुंबकत्व पाषाणाच्या पोटांत नेमकें कसें पसरलें आहे, हें त्यास न फोडतां कळेल काय? होकायंत्राची सुई बाहेरचा परिणाम सांगते. आंतील रचना सांगत नाहीं. या प्रश्नाचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण त्याचें एक प्रकरण मुंबईजवळ तुर्भे येथें लिहिलें गेलें आहे.

येथें साक्षीदार असा हवा, कीं जो धातूंत खोल शिरेल आणि चुंबकत्वही ओळखील. इलेक्ट्रॉन चुंबकत्व ओळखतो, पण विद्युद्भारामुळें पृष्ठभागापाशींच अडखळतो. १९३२ सालीं चॅडविक यांनीं शोधलेल्या न्यूट्रॉनास विद्युद्भार नाहीं, म्हणून त्याची वाट सहसा अडत नाहीं. तरी तो स्वतः एक सूक्ष्म चुंबक आहे. त्याचें हें चुंबकत्व १९४० सालीं अल्व्हारेझ व ब्लॉख यांनीं मोजलें. चुंबकीय क्षेत्रांतून जातांना न्यूट्रॉनाचा अक्ष भोवऱ्याप्रमाणें फिरतो. सर्वांचे अक्ष आधीं एका दिशेस लावून झोत सोडला, तर बाहेर पडतांना ती शिस्त किती राहिली यावरून आंतील हकीकत कळते. १९४१ सालीं हाल्पर्न व होल्स्टाइन यांनीं या शिस्तभंगाचें गणित मांडलें.

तुर्भ्यास ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालू झाली. १९६० सालीं ‘सायरस’ व १९८५ सालीं ‘ध्रुव’ तिच्या मागोमाग आल्या. पी. के. अय्यंगार हे कॅनडांत ब्रॉकहाउस यांच्याजवळ काम करून परतले, आणि त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं न्यूट्रॉनांचीं उपकरणें येथेंच घडविलीं. पुढें ‘ध्रुव’च्या झोतावर एस. एम. युसुफ व एल. माधव राव यांनीं शिस्तभंग मोजण्याची पद्धति वापरली व १९९६ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. पदार्थांत चुंबकत्वाचे मोठे पट्टे असतील, तर झोताची शिस्त मोडते. अणूंचीं चुंबकत्वें अत्यंत लहान प्रमाणावर अस्ताव्यस्त असतील, तर ती बहुधा टिकते. एवढ्या एका खुणेवरून दोन अवस्थांतील भेद ओळखतां येतो.

येथें एक विवेक राखणें अगत्याचें आहे. या मापनानें सबंध नमुन्याचा मिळून एक आंकडा मिळतो. तें चित्र नव्हे. चित्र प्रथम बर्लिन येथें दिसलें. कार्डजिलोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नमुना फिरवून अनेक कोनांतून झोत सोडले आणि अतिसंवाहक शिशाच्या आंत अडकलेलें चुंबकीय क्षेत्र तिन्ही परिमाणांत दाखविलें; हा शोध २००८ सालीं प्रसिद्ध झाला. पण त्या चित्राचें गणितही त्याच शिस्तभंगाचें आहे. चित्राचें कौतुक करणाऱ्यांनीं आंकड्यास विसरूं नये, असें आम्हांस वाटतें.

अणुभट्ट्याही अमर नसतात. ‘सायरस’ २०१० अखेर थांबली. बर्लिनची भट्टी डिसेंबर २०१९ मध्यें बंद झाली. यंत्र बंद पडलें, तरी त्यानें शिकविलेली पद्धति उरते, आणि ती जतन करणें हेंच इतिहासाचें काम होय.

पुसेगावच्या पाषाणांतील एकेक कण या चित्रांत उमटेल, असें मात्र कोणी समजूं नये. तीं चित्रें मिलिमीटराच्या अंशाइतकाच बारकावा दाखवितात, आणि हे कण त्याहूनही कितीतरी सूक्ष्म आहेत. पाषाण अजून आपलें बरेंचसें मनांतच ठेवून आहे. तो बोलेल तेव्हां ऐकण्याची तयारी आमची असावी, इतकेंच.