शीतपाणी पंप : बिघाड व संरक्षण

कारखान्यातील उष्णता वाहून नेणारे पाणी किंवा ब्राइन फिरवणारा पंप बंद पडला, तरी प्रक्रिया काबूत राहावी म्हणून केलेली व्यवस्था. डोंबिवली एमआयडीसीत रासायनिक कारखाने आणि दाट वस्ती शेजारी-शेजारी असल्याने तिचे मोल येथे अधिक आहे.

उष्मादायी अभिक्रियेचा वेग तापमान साधारण १० अंश सेल्सिअसने वाढले की जवळपास दुप्पट होतो. रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटमधून निघणारी उष्णता मात्र तापमानातील फरकाच्या प्रमाणातच वाढते. त्यामुळे पाणी थांबल्यावर हाताशी काही मिनिटेच उरू शकतात. फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे १९ डिसेंबर २००७ रोजी टी-टू लॅबोरेटरीजमध्ये शीतकरण अपुरे पडून स्फोट झाला व ४ जण दगावले. पर्यायी शीतकरणाची सोय तेथे नव्हती.

पंप बहुधा साध्या कारणांनी बंद पडतो : जाळी चोक होते, टाकीतली पातळी उतरून पंप हवा धरतो, मेकॅनिकल सील गळते, बेअरिंग जाते किंवा वीजपुरवठ्यातला एक फेज जाऊन मोटर जळते.

स्टँडबाय पंप बसवला की काम झाले, हा समज घातक आहे. दोन्ही पंप एकाच जाळीतून पाणी ओढत असतील, एकाच पॅनलवर चालत असतील, तर दोन्ही एकदमच थांबतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा परिसरातील उच्चदाब वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबई व ठाणे परिसराची वीज गेली. अशा वेळी विजेवरचे दहा पंपही निरुपयोगी ठरतात. म्हणून एक पंप डिझेल इंजिनावर असावा किंवा उंचावरच्या टाकीतून पाणी आपोआप जॅकेटमध्ये उतरावे.

दाबमापकावर विसंबणेही धोक्याचे. पुढचा व्हॉल्व्ह बंद असेल तर काटा भरपूर दाब दाखवतो, पण पाणी पुढे सरकत नाही. पंपातले पाणी मात्र तापत राहते. त्यामुळे फ्लो स्विच जॅकेटच्या परतीच्या नळीवर हवा. प्रवाह घटताच त्याने दुसरा पंप सुरू करावा आणि त्याच क्षणी रिअ‍ॅक्टरमध्ये पडणारा कच्चा माल व वाफ तोडावी. ढवळणी मात्र चालूच ठेवावी, नाहीतर न मिसळलेला माल साचून राहतो. स्टँडबाय पंप महिनोन् महिने उभा राहिला तर जाम होतो, म्हणून दोन्ही पंप आळीपाळीने चालवतात. आपोआप बदल होतो का, याची चाचणी रिअ‍ॅक्टर रिकामा असताना चालू पंपाची वीज प्रत्यक्ष तोडून घ्यावी.