पतंगावर लिहिलेला स्कोअर

२९ जुलै १९११ रोजी कोलकात्यात आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेची फायनल होती. मोहन बागान विरुद्ध ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. बागानच्या संघात एक रेव्हरंड सुधीर चॅटर्जी सोडले तर बाकी सगळे अनवाणी. समोर बूट घातलेले गोरे शिपाई. लोटलेल्या गर्दीचे ऐंशी हजार ते एक लाख असे आकडे सांगितले जातात. मैदान सपाट. पुढच्या काही रांगा सोडल्या तर बाकीच्यांना दिसत होत्या त्या फक्त पुढच्यांच्या माना. रेडिओ नव्हता, भोंगा नव्हता. मग पतंग निघाले. गोल झाला की स्कोअर लिहिलेला पतंग वर चढे आणि लांब उभ्या असलेल्यांना निकाल कळे. आधी सार्जंट जॅक्सनने गोऱ्यांना पुढे नेलं, मग कॅप्टन शिबदास भादुरीने बरोबरी साधली आणि सामना संपता संपता अभिलाष घोषने दुसरा गोल मारला. २-१.

आम्हा विदर्भातल्या लोकांना पतंग म्हटलं की संक्रांतच आठवते. भर आषाढ-श्रावणात, कोलकात्याच्या ओल्या हवेत कागद वर चढवणाऱ्यांच्या हाताचं मला कौतुक वाटतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की हे एकट्याचं काम नव्हे. गोल कोणी मारला ते पाहणारा पुढे हवा, ते मागे ओरडून सांगणारा मध्ये हवा, आकडा रंगवणारा वेगळा आणि चक्री धरणारा आणखी वेगळा. मॅच चालू असताना चार जणांनी मिळून ती पाचव्याला सांगायची, या आज मोबाइलवर रोज चालणाऱ्या उद्योगाचा मूळपुरुष शोधायचा तर माझं बोट या पतंगांकडे जातं. रेडिओचा मोठा आवाज मधल्या काळात आला आणि सांगणं हे एका माणसाचं काम आहे असं आपण धरून चाललो. मुळात तसं ते नव्हतं.

खुद्द रेडिओसुद्धा सुरुवातीला तसं धरून चालला नव्हता. बीबीसीने फुटबॉलचं पहिलं धावतं वर्णन दिलं ते २२ जानेवारी १९२७ ला, हायबरीवरच्या आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड सामन्याचं. सामना १-१ असा सुटला. माइकसमोर कॅप्टन टेडी वेकलम होते. त्याच्या आठवडाभर आधी त्यांनी ट्विकनहॅमवर रग्बीचा सामना सांगितला होता आणि त्या वेळी निर्माते लान्स सिव्हकिंग यांनी एक नामी युक्ती केली होती. त्यांनी एका अंध माणसाला आणून वेकलमच्या पुढ्यात बसवलं आणि सांगितलं, याला सांग काय चाललंय ते. हजारो अदृश्य श्रोत्यांशी बोलायचं म्हटलं की जीभ जड होते. समोरच्या एका अंध माणसाला सांगायचं तर शब्द आपोआप येतात. शिव्या देऊ नयेत अशी पाटीही म्हणे समोर टांगली होती. ती का लागली असेल हे मैदानावर जाणाऱ्याला सांगायला नको.

आर्सेनलच्या सामन्याला वेकलम एकटे नव्हते, ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ‘रेडिओ टाइम्स’मध्ये मैदानाचा नकाशा छापला होता, त्याचे आठ चौकोन पाडून प्रत्येकाला आकडा दिला होता. वेकलम खेळ सांगत आणि शेजारी बसलेले सी. ए. लुइस मध्येच फक्त चौकोनाचा आकडा पुकारत. घरी बसलेला माणूस मांडीवर तो कागद पसरून चेंडू कुठे आहे त्यावर बोट फिरवी. काय घडलं ते एकाचं काम, कुठे घडलं ते दुसऱ्याचं. एकाच तोंडाने दोन्ही सांगायला गेलं तर फुटबॉलमध्ये गोंधळ होतो. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घ्यायला, चहाचा घोट घ्यायला सवड असते. फुटबॉल थांबतच नाही.

त्याच १९२७ च्या जुलैत मुंबईला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. आपल्याकडे मात्र नशीब क्रिकेटचं उघडलं. १९३४ च्या चौरंगी सामन्यांपासून बॉबी तल्यारखान मुंबईत इंग्रजीत वर्णन करू लागले. आवाज असा की लोक खेळापेक्षा त्यांनाच ऐकत. आणि माइक दुसऱ्यासोबत वाटून घ्यायला त्यांची साफ ना. दिवसभर एकटेच बोलत. पुढे बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर क्रिकेट मराठीत आणलं, वि. वि. करमरकरांनी वर्तमानपत्रात आणि माइकवर खेळाला मराठीत मानाची जागा दिली. या लोकांचे आपल्यावर उपकारच आहेत. तिकडे बंगालीत अजय बसू, पुष्पेन सरकार, कमल भट्टाचार्य यांनी कोलकात्याचं मैदान घराघरांत पोचवलं. मराठी कानावर पिढ्यान् पिढ्या जे धावतं वर्णन पडलं ते प्रामुख्याने क्रिकेटचं. फुटबॉलची बोली तालमी-तालमीत, कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर, नागपुरात मैदानाच्या कडेला, ज्याची त्याने घडवली.

आमच्या गोंदियाचं फुटबॉलशी नातं काय, असं कोणी विचारलं तर पहिलं उत्तर रेल्वे. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, मुख्य कचेरी कोलकात्याला, आणि तिच्या हावडा-नागपूर मार्गावर आमचं गोंदिया. पुढे जबलपूरकडे जाणारी नॅरोगेजही इथूनच फुटली. म्हणजे आमचं जंक्शन झालं ते कोलकात्याच्या तोंडाकडे बघत. त्याच कंपनीच्या बी. एन. आर. या संघाने पुढे कोलकात्याच्या मैदानावर नाव काढलं. दुसरं उत्तर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. पूर्व बंगालमधून उखडून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती तिथे आहेत. धानाच्या बांध्यांमधून जाताना अचानक बंगाली कानावर पडते. ईस्ट बंगाल हे क्लबचं नाव त्या घरांत नुसतं क्लबचं नाव नसतं, सुटलेल्या गावाचंही असतं.

तिसरं उत्तर थोडं चमत्कारिक आहे. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ पासून २०२२ पर्यंत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. त्याआधी वर्षभर हंगामी म्हणून. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दूर करून प्रशासकीय समिती नेमली, ऑगस्टमध्ये फिफाने भारताला निलंबित केलं आणि अकरा-बारा दिवसांत निलंबन उठवलंही. त्यांच्याच काळात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. स्पेन आणि माली यांची उपांत्य लढत नवी मुंबईला होती. गोंदियाहून तिथे जायचं तर दुपारी विदर्भ एक्स्प्रेस पकडायची आणि रात्र गाडीत काढायची. देशाच्या फुटबॉलच्या किल्ल्या इतकी वर्षं आमच्या गावच्या माणसाकडे होत्या आणि आम्ही मोठा सामना पाहायचा तो पडद्यावरच. तक्रार नाही, बहुतेक जगाचं तेच आहे.

पडद्याची खरी चटक लागली १९८६ मध्ये. मेक्सिकोत भर दुपारी बारा वाजता सामना सुरू व्हायचा तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. २२ जूनला अर्जेंटिना-इंग्लंड सामन्यात मॅराडोनाने आधी हाताने आणि चारच मिनिटांनी पायाने गोल केला. पायाच्या गोलाच्या वेळी अर्जेंटिनाच्या रेडिओवर व्हिक्टर ह्यूगो मोरालेस रडत-ओरडत त्याला आभाळातला पतंग म्हणाला. कोलकात्याशी याचा काडीचा संबंध नाही, तरी हे वाचलं तेव्हा मला मौज वाटली. त्या रात्री ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीत मोहल्ला, आणि मागे बसलेल्यांना पुढचे सांगणार.

दूर राहून मिळून सांगण्याची पद्धत संगणकावर रुजवली ती मात्र क्रिकेटवाल्यांनी. १९९३ च्या सुमाराला अमेरिकेत शिकायला गेलेल्या भारतीय पोरांना स्कोअर कळायची मारामार होती. ज्याला कुठून रेडिओ किंवा टीव्ही मिळे तो एकेक चेंडू टाइप करी आणि बाकीचे गप्पांच्या चॅनलवर वाचत. एक दमला की दुसरा बसे. मिनेसोटा विद्यापीठातल्या सायमन किंग या इंग्रज संशोधकाने त्याला प्रोग्रॅमची जोड दिली आणि त्यातून क्रिकइन्फो उभं राहिलं. पगार नाही, मालक नाही, पाळी लावून सामना सांगायचा. पतंगाची जातकुळी ती हीच. फुटबॉलमध्ये ती जोरात आली ती फोन हातात आल्यावर. ८ जुलै २०१४ ला जर्मनीने ब्राझीलला ७-१ असं धुतलं, त्या एका सामन्यावर साडेतीन कोटींहून जास्त ट्वीट पडली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दीड-दोन वाजले होते.

आता मोबाइलवरच्या आमच्या गोंदियाच्या ग्रुपवर येतो. तिथे मॅच लिहून सांगायची पद्धत का पडली, याचं कारण अगदी साधं आहे. २०२२ चा विश्वचषक कतारात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाला आणि ते दिवस इथे धानाचे. राइस मिलमध्ये रात्रपाळी चालू. मिलच्या घरघरीत कॉमेंट्री ऐकू येत नाही आणि समोर ट्रक लागलेला असताना व्हिडिओ बघता येत नाही. खिशातून फोन काढून एक ओळ मात्र वाचता येते. आमचा एक मित्र मिलमध्ये, एक गाडीवर ड्युटीत. तो तर उतरल्यावर सगळं एकदम वाचणार. घरी टीव्हीसमोर बसलेल्यांनी या दोघांसाठी लिहायला घेतलं.

आणि पहिल्याच आठवड्यात फजिती. २२ नोव्हेंबरला दुपारी साडेतीनला अर्जेंटिना-सौदी अरेबिया. मेस्सीचा पेनल्टीवरचा गोल झाला, तिथवर ठीक. पुढे पहिल्या अर्ध्यातच अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे रद्द झाले. ग्रुपवर तीन वेळा ‘गोओओल’ आणि तीन वेळा ‘नाही रे बाप्पा, रद्द’. मिलवाला मित्र चिडला: ‘किती झाले ते एकदा सांगा न बे!’ त्यात कोणाचा टीव्ही डिश अँटेनावर, कोणी फोनवर मॅच बघतोय. फोनवरचं चित्र अर्धा मिनिट मागे. एक जण रद्द लिहितो तेव्हा दुसऱ्याकडे गोल होत असतो. शेवटी अर्जेंटिना १-२ ने हरली आणि अर्ध्या ग्रुपला ते खरंच वाटेना.

त्यातून कामं वाटली गेली. ज्याचं चित्र सगळ्यात आधी येतं तोच गोल लिहिणार, आणि चेंडू मध्यावर ठेवून खेळ पुन्हा सुरू झाल्याशिवाय लिहिणार नाही. तोवर एकच शब्द: ‘थांबा’. मिनिट आणि स्कोअर दुसरा सांभाळणार, तोही दर वेळी पूर्ण. नुसतं ‘अजून एक’ चालणार नाही. कुठून, कसा, कोणाच्या पासवर हे तिसऱ्याचं; तो फोनवर बघणारा असला तरी चालतो, कारण त्याला उशिराच लिहायचं असतं. शिव्या आणि सल्ले बाकीच्यांचे, पण हाफ टाइमला. लाइट गेली की ‘गेली’ एवढंच लिहायचं, पुढच्या मोहल्ल्यातला काम उचलतो. अर्जुनीकडचे एक बंगाली दादा यात सगळ्यात शिस्तीचे. ते चेंडू कुठल्या बाजूला आहे तेवढंच लिहितात, डावी-उजवी, गोलपासून किती लांब. वेकलमच्या शेजारी बसलेल्या लुइसचं नाव त्यांनी ऐकलेलंही नाही.

१८ डिसेंबरच्या फायनलला रात्री साडेआठला सगळे आपापल्या जागी होते. अर्जेंटिना २-० ने पुढे, ऐंशीव्या मिनिटापर्यंत सारं सुरळीत. मग फ्रान्सच्या एम्बापेने पेनल्टी मारली. गोलवाल्याने नियमाप्रमाणे खेळ सुरू व्हायची वाट बघितली, मग टाइप केलं, स्कोअरवाला २-१ लिहितोय तोवर एम्बापेने दुसरा हाणला. दोन गोलांत ९७ सेकंद. स्क्रीनवर आधी २-२ उमटलं, त्याच्याखाली २-१. मिलमधून विचारणा आली: ‘एक गोल परत घेतला का?’

म्हणून जादा वेळेत स्कोअरच्या आधी मिनिट लिहायचं ठरलं. १०८: ३-२, मेस्सी. ११८: ३-३, एम्बापे, पेनल्टी. पेनल्टी शूटआउटला दादांनीच सुचवलं की शब्दच नकोत. गेला तर गोळा, हुकला तर फुली, दोन ओळी, वर फ्रान्स, खाली अर्जेंटिना. प्रत्येक किकनंतर दोन्ही ओळी पुन्हा पहिल्यापासून लिहायच्या, म्हणजे मधेच फोन उघडणाऱ्याला वर सरकवत बसावं लागू नये. वरच्या ओळीत गोळा, फुली, फुली, गोळा. खालच्या ओळीत चार गोळे. ड्युटीवरचा मित्र पहाटे खोलीवर आला तेव्हा त्याने सगळं वरून खाली एका दमात वाचलं आणि ८० आणि ८१ च्या मध्ये काय झालं ते पुन्हा नीट लिहून मागितलं.