शिरोरेषा आणि सुरत

सहामाहीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना एका मुलाच्या लिखाणात एकाही शब्दावर शिरोरेषा दिसली नाही. 'ज' आणि 'झ' तर चक्क गुजराती. मी लाल फुली मारली खरी, पण ती माझ्याच मनाला लागून राहिली. हा मुलगा जे करीत होता, तेच आमच्या सुरतेचे व्यापारी कित्येक पिढ्या करीत आले होते.

गुजराती लिपी ही नागरीचीच लेक. १५९२ चे एक हस्तलिखित हा तिचा सर्वांत जुना उपलब्ध नमुना मानतात. पोथ्या देवनागरीत लिहायच्या, हिशेब आणि पत्रे मात्र या झटपट लिपीत. म्हणून तिला वाणियाशाई, शराफी, महाजनी अशी नावे. घाई आपल्या कारकुनांनाही होतीच. त्यांनी आधी पानावर आडव्या रेघा ओढल्या आणि बोरू शक्यतो न उचलता त्यांखाली अक्षरे लिहीत नेली. तीच मोडी. वेलांटी बहुधा दीर्घच, उकार बहुधा ऱ्हस्वच. विचार करायला वेळ कुणाला? एकाने रेघ टाकून दिली, दुसऱ्याने ती एकदाच ओढून घेतली. अडचण मात्र एकच. (हेमाडपंताने मोडी लंकेहून आणली, ही कथा मला पटत नाही.)

पुढे छापखाना आला आणि दोघींचे नशीब फिरले. सुरतेत जन्मलेल्या फर्दुनजी मर्झबानांनी १८२२ मध्ये मुंबईत 'मुंबई समाचार' काढला. वाण्याची लिपी वर्तमानपत्राची झाली. मोडीचेही खिळे पडले होते, केरीचा १८१० चा मराठी कोश मोडीतच छापला. पण मराठी छपाई बाळबोधीवर स्थिरावली, आणि १९५० च्या दशकात मोडी शाळांतूनही गेली.

आमच्या घरी खानदेशातल्या शेताचा एक मोडी कागद आहे. आजोबा तो घडाघडा वाचीत, वडिलांना जमले नाही. आम्ही तो विक्रीखत समजून जपला. बडोद्याच्या एका जाणकाराने वाचला तेव्हा कळले, ते गहाणखत होते. सोडवून घेणारे कुणी उरले नव्हते. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. आता ती संगणकाला येते, आम्हाला नाही.

त्या मुलाला बोलावून हे सारे सांगितले. तो म्हणाला, "सर, मग माझा गुण?"

अर्धा दिला. उरलेला अर्धा वेलांटीत गेला होता.